मधलं नाव

३ ऑगस्ट १९९९, मंगळवार

ही डायरी जानेवारीत मामांना भांड्यांच्या कंपनीकडून भेट आली होती. सात महिने ती कपाटात पितळी तांब्यांच्या मागे पडून होती. आज माझ्या हाती आली. या घरात बहुतेक गोष्टी माझ्याकडे अशाच येतात. तक्रार नाही, नुसती नोंद करतोय.

कधी कुणी वाचलंच तर ओळख असावी. मी राजेश्वर महालिंग फुलारी, वय एकतीस, मूळ धर्मापुरीचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. चार वर्षांपासून मुक्काम अंबाजोगाईत, सासुरवाडीला. म्हणजे घरजावई. लिहून टाकला एकदाचा शब्द, फार काही लागलं नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, कल्याणराव शेटे. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्यांना मूल एकच, माझी बायको कावेरी. दुकानाच्या माडीवर त्यांनी मला कॉम्प्युटर क्लास काढून दिला. चार मशीन, एक प्रिंटर, आणि बाहेर पाटी: 'शेटे कॉम्प्युटर्स'. पाटी रंगवून झाल्यावर मला दाखवली. छान आहे म्हणालो.

आज ज्या मोठ्या कंपनीच्या नावावर आमचा क्लास चालतो तिचं पत्र आलं. प्रत्येक क्लासमध्ये कॉम्प्युटर सपोर्टची, म्हणजे बिघडलेली मशीन दुरुस्त करण्याची, अमेरिकेची परीक्षा पास झालेला एक माणूस हवा, तीस नोव्हेंबरच्या आत. नाहीतर कंपनी आपलं नाव काढून घेणार. परीक्षा पुण्यात, कॉम्प्युटरवरच, सगळी इंग्रजीत. मामांनी पत्र देवापुढे ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "जावाईबापू, तुमी पास झालाच समजा."

नापास झालो तर माडी बंद आणि मी खाली गल्ल्यावर. पास झालो तर जन्मभर माडीवर. दोन्हीकडे जाणारा जिना एकच, आणि तो दुकानातून जातो.

१६ ऑगस्ट, सोमवार

अभ्यासाचं पुस्तक आलं. जाडी अशी की मामांनी तराजूत घालून पाहिलं. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेव्हा अभ्यास. कावेरी प्रश्न वाचते, मी उत्तर देतो. ती बी.कॉम. आहे, तिचं इंग्रजी वाचन माझ्यापेक्षा स्वच्छ. उत्तर चुकलं की ती पेन्सिलनं त्याच्याभोवती गोल करते. आज सतरा गोल झाले. पुस्तकाला देवी आल्यासारखं दिसतंय.

पहिलाच धडा: मशीन उघडण्याआधी अंगावरचा धातू काढून ठेवा. अंगठी, घड्याळ काढलं. पण आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंगाचा चांदीचा करंडा, तो कसा काढणार? मामा शिडीसारखे मधोमध उभे राहून बघत होते. त्यांनीच तोडगा काढला. करंडा पाठीवर टाकला आणि वरून उपरणं गच्च बांधलं. मी मशीनवर वाकलो तेव्हा कावेरी तोंडाला पदर लावून हसत होती. या घरात मला तेवढं एक हसणं आवडतं.

२४ ऑगस्ट, मंगळवार

परीक्षेत एक भाग गिऱ्हाइकाशी कसं बोलावं याचा आहे. आजचा प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतो, मशीन बंद पडलं, पण मी काहीच केलं नाही. तुम्ही आधी काय विचाराल? अ) तुम्ही काय केलंत? ब) काय झालं ते सांगा.

मी म्हणालो, अ. कावेरीनं गोल केला.

"अगं, इथं येणारा प्रत्येक माणूस 'आमी कायबी केलं न्हाई' असंच म्हणतो. त्यानंच केलेलं असतं!"

"आसंल. पन तुमी काय केलं आसं इचारलं की मानूस लपवतो. काय झालं इचारलं तर सांगतो."

"हे पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात 'ब' लिवलंय. बाकीचं म्या सांगते."

हा प्रश्न मी तिसऱ्यांदा चुकलोय.

मामा खालून परातीवर पळी वाजवतात. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे गिऱ्हाईक आलंय, खाली या. आज दोन-दोन ठोके अकरा वेळा वाजले. आता झोपेतही दोन ठोके ऐकू आले तर उठून उभा राहीन.

४ सप्टेंबर, शनिवार

पुण्याहून अभिमन्यूचं पत्र आलं. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर होतो. आता तो एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. लिहितो की त्यांच्याकडे सपोर्टला माणूस हवाय, जी परीक्षा मी देतोय तीच त्यांना पाहिजे. वीस नोव्हेंबरच्या आत सर्टिफिकेट दाखवलं की जागा माझी. राहायला कंपनीची खोली. शेवटी लिहिलंय, "किती दिवस ताटं-वाट्या मोजतोस बे, ये की इकडं."

पत्र तीनदा वाचलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कुठं तरी बोलावलंय. पत्र खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. आनंदच असणार, मला सवय राहिली नाही.

पत्रासोबत आलेला कंपनीचा अर्ज लगेच भरला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरावी तसं, पण हा अर्ज कावेरीला भरायला सांगता आला नसता. तिला सांगितलं की मामांना कळणार, मामांना कळलं की देवापुढे जाणार. 'मॅरिटल स्टेटस' या रकान्यात 'सिंगल' लिहिलं. खोली फक्त एकट्या माणसाला मिळते, असं अभिमन्यूनं बजावलंय. एका शब्दानं काय होतं? सगळेच लिहितात. पुढचं पुढं बघू.

अर्जाची झेरॉक्स काढून पुस्तकात प्रिंटरच्या धड्यात ठेवली. तो धडा माझा पाठ आहे, कावेरी तिथं जात नाही.

१२ सप्टेंबर, रविवार

नुकतंच मतदान झालं. माझ्या मतदार कार्डाची गंमत इथं लिहून ठेवायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी नावं लिहायला माणूस आला, तेव्हा मी बाहेर होतो. मामांनी घरातली नावं सांगितली, त्यानं सगळ्यांना शेटे करून टाकलं. मी झालो राजेश्वर कल्याणराव शेटे, कल्याणरावांचा मुलगा. कावेरी त्यांची मुलगी. म्हणजे सरकारदरबारी आम्ही नवराबायको सख्खे बहीणभाऊ! मतदानाच्या रांगेत मी हे तिला सांगितलं आणि आम्ही असे हसलो की पोलिसानं वळून बघितलं. मामा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "चुकलं खरं, पर वाईट काय चुकलंय?"

१७ सप्टेंबर, शुक्रवार

मराठवाडा मुक्तीचा दिवस. सकाळी झेंडावंदन. परत येताना चौकात एकानं मामांना विचारलं, हे कोण? मामा म्हणाले, "आमचे जावाई." माझं नाव सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

२७ सप्टेंबर, सोमवार

प्रिंटरच्या धड्यातली झेरॉक्स आज पाहिली. मी दोन घड्या घालून ठेवली होती असं आठवतं, निघाली तीन घड्यांत. इतकी बारीकसारीक गोष्ट ध्यानात राहत नाही आणि चाललोय अमेरिकेची परीक्षा द्यायला.

कावेरीचा दोन दिवस कसलासा उपास आहे. श्रावण केव्हाच संपला, नवरात्राला अजून अवकाश आहे. विचारलं तर म्हणाली, "भूक न्हाई." बायकांच्या उपासांचं वेळापत्रक आपल्याला कळायचं नाही. आजच्या प्रश्नांत एकही गोल झाला नाही. मी खूश होतो, पण नंतर पाहिलं तर तीन उत्तरं चुकलेली होती, तिनं नुसती पानं उलटली होती.

२९ सप्टेंबर, बुधवार

परीक्षेचा फॉर्म भरला. म्हणजे कावेरीनं भरला. आधी पेन्सिलनं कच्च्या कागदावर, मग शाईनं फॉर्मवर. सुरेख मोठी अक्षरं काढते ती. मी वाचायला घेणार तेवढ्यात खालून दोन ठोके. घाईत सही ठोकली. माझी सही म्हणजे नुसती वळवळ, तिच्यात कुणाचंच नाव सापडत नाही. मुनीम मोहनरावांनी फीचा ड्राफ्ट जोडून पाकीट पोस्टात टाकलं.

सही करताना कावेरी एकदम म्हणाली, "अवो, पुन्याला कदी ऱ्हायलाव का तुमी? तितं घर मिळतंय का आपल्यासारख्याला?"

मी म्हणालो, "परीक्षेला जायचंय, राहायला नाही."

"तसं न्हवं. आपलं इचारलं."

तिनं पाकिटाला डिंक लावला आणि बराच वेळ त्यावर हात दाबून बसली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

परीक्षेच्या तारखेचा फोन आला होता. दुकानात मामांनी घेतला. "शेट्यांची परीक्षा पंधरा नोव्हेंबरला" असा निरोप मिळाला. दुकानाचा फोन, शेटेच म्हणणार. पुण्याच्या कंपनीचंही उत्तर अभिमन्यूच्या पत्रातून आलं: सर्टिफिकेट आणा, रुजू व्हा.

आज सगळ्या मशीनची पूजा झाली. मॉनिटरवर झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदकुंकू. नारळ माडीवर फोडू दिला नाही, यावर मामी, म्हणजे माझ्या सासूबाई केसरबाई, रुसल्या. मग मामांनी कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. तांब्याच्या पत्र्याची चौकट, कडेनं वेलबुट्टी, स्वतः ठोकलेली. सर्टिफिकेटसाठी! वीस वर्षांत त्यांनी हातोडी धरली नव्हती. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय.

"मधी कागद तेवडा तुमी आना," म्हणाले.

माझ्या पेटीत पुण्याचं पत्र होतं आणि मी त्यांच्या पाया पडलो. मी वाईट माणूस नाही. पण त्या रिकाम्या चौकटीकडे बघताना मला माझं तोंड तिच्यात बसवल्यासारखं वाटलं.

१३ नोव्हेंबर, शनिवार

उद्या सकाळच्या एसटीनं पुणे. कावेरीनं पिशवी भरली. दशम्या, शेंगाची चटणी, दोन शर्ट. मतदार कार्डही घालत होती. म्हटलं, लायसन्स आहे की खिशात, हे कशाला? म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, परगावी लागतं."

शेवटची उजळणी. गिऱ्हाइकाचा तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला. मी म्हणालो, ब. ती म्हणाली, "आता बरुबर." आणि डोळे पुसले. चटणीचा हात लागला म्हणाली.

१५ नोव्हेंबर, सोमवार. पुणे

पास झालो.

हा शब्द लिहिल्यावर उड्या माराव्यात असं ठरवलं होतं. अभिमन्यूच्या खोलीवर बसलोय आणि पेन पुढे सरकत नाही.

जसं झालं तसं लिहितो. परीक्षेच्या ठिकाणी काउंटरवर एक बाई होत्या. लायसन्स दिलं. त्यांनी यादी पाहिली, लायसन्स पाहिलं, पुन्हा यादी पाहिली.

"हे राजेश्वर फुलारी कोण?"

"मी."

"आमच्याकडे राजेश्वर कल्याणराव शेटे आहेत. मग परीक्षा कुणाची?"

मी काउंटरवरून वाकून यादी बघायला लागलो. त्यांनी फॉर्मच काढून दाखवला. सुरेख मोठी अक्षरं. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. खाली माझी वळवळ. मी सांगत सुटलो, माझे सासरे, मतदार यादी, चूक... त्या शांतपणे म्हणाल्या, "नाव जुळलं नाही तर बसता येणार नाही. फीही परत नाही. पुढची तारीख डिसेंबरात." डिसेंबरात पुण्याची जागा गेलेली आणि माडीची पाटीही उतरलेली.

"या नावाचं काही ओळखपत्र आहे का?"

दशम्यांच्या फडक्याखालून कार्ड काढलं. त्यांनी कल्याणरावांच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हे वडील?"

मी नववीत होतो तेव्हा बाबा गेले. धर्मापुरीच्या देवळापुढं त्यांची हाराफुलांची टोपली असायची. ना शेत, ना घर. मला त्यांच्याकडून मिळालं ते एवढंच, मधलं नाव. ते मी आजवर सगळीकडे लावत आलो, दहावीला, डिप्लोमाला, लग्नपत्रिकेतही मामांनी 'चि. राजेश्वर' एवढंच छापलं होतं तर पेननं जागेजागी 'महालिंग' लिहिलं होतं.

"हो," म्हणालो. "वडील."

मग आत जाऊन बसलो. प्रश्न सोपे वाटले. तो प्रश्नही आला. ब निवडलं. संपल्याबरोबर पडद्यावर आलं: अभिनंदन, राजेश्वर शेटे.

१६ नोव्हेंबर, मंगळवार. पुणे

कंपनीत गेलो. तिथल्या साहेबांनी माझा डिप्लोमा आणि कालचा निकालाचा कागद शेजारी शेजारी ठेवला. "डिप्लोमा फुलारींचा, परीक्षा शेट्यांची. आम्हाला माणूस एक हवाय, तुम्ही दोन आणलेत." नाव दुरुस्त होतं का? होतं. प्रतिज्ञापत्र, अर्ज अमेरिकेला, तीन-चार महिने. जागा शनिवारी भरणार.

बाहेर आल्यावर अभिमन्यू म्हणाला, "काय केलंस बे हे?"

"मी काहीच केलं नाही!" मी ओरडलो. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले.

१८ नोव्हेंबर, गुरुवार. अंबाजोगाई

बसमधून उतरलो तर मामा स्टँडवर हार घेऊन उभे. निकालाचा कागद त्यांनी वाचला नाही, नुसता छातीशी धरला. मी हार गळ्यात घालून घेतला.

दुपारी मुनीम मोहनरावांना धरलं. ते म्हणाले, "म्या पाकिट फकस्त पोष्टात टाकलं, मालक. उगडून बी न्हाई बगितलं." मग कावेरीला विचारलं, तू शेटे का लिहिलंस? ती भांडी पुसत होती. म्हणाली, "कार्डावर हुतं तेच लिवलं." एवढंच. बिचारीला वाटलं असणार की सरकारी कागदावर असतं तेच खरं.

पण मामांनी तिला तसं सांगितलं नसेल कशावरून? मला आता सगळं दिसतंय. ती पाटी, ती चौकट, "वाईट काय चुकलंय?" एका रकान्यात माणूस पुसून टाकायचा, म्हणजे कमालच झाली! ज्याचं त्याचं नातं कागदावर खरंखरं लिहायला काय जातं? असं खोटं लिहिणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. नाव दुरुस्तीचा अर्ज मी करणार. तीन महिने तर तीन महिने. पुण्यात दुसरी जागा निघेल. मामांना तोंडावर सांगणार आहे.

२३ नोव्हेंबर, मंगळवार. कार्तिकी पौर्णिमा

मामांचा नवस होता म्हणून सगळे कपिलधारच्या देवस्थानाला गेलो. यात्रेची गर्दी. धबधब्याचं पाणी बारीक झालंय, तरी मामांनी मला त्याच्याखाली उभं केलं. स्वामींच्या समाधीचं दर्शन झाल्यावर ते मंडपात पेढे वाटू लागले. ओळखीचे पंधरावीस जण जमले. मी ठरवलं होतं, परतीच्या वाटेवर जीपमध्ये सांगायचं: मामा, ते नाव माझं नाही.

तेवढ्यात त्यांनी खिशातून निकालाचा कागद काढला. आता चष्मा लावून वाचलेला होता.

"ह्ये बगा," ते लोकांना म्हणाले. "राजेश्वर कल्यानराव शेटे. म्या सांगितलं न्हवतं बरं का. एका शबदानं सांगितलं न्हवतं. चार वर्सं मनात हुतं, पर म्हनलं कसं म्हनावं? दुसऱ्याचा ल्योक हाय, त्याचा बाप वर बसून बगत आसंल. आन् ह्यानं आपनहून माजं नाव लावलं. आमेरिकेच्या कागदावर!"

आणि मामा रडायला लागले. पासष्ट वर्षांचा माणूस, हातात पेढ्याचा पुडा. मग त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. जावाईबापू नाही. "राजेश्वर," म्हणाले, "लई उपकार केले बाबा."

म्हणजे त्यांना काही माहीत नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. अंबाजोगाईपर्यंत मी खांदा हलवला नाही. आता कुणाला काय सांगू? कुठल्या तोंडानं सांगू? मामांनी बळजबरी केली असती तर मी भांडलो असतो. पायात बेडी असती तर तोडली असती. झोपलेल्या म्हाताऱ्याचं काय करायचं?

२८ नोव्हेंबर, रविवार

पुस्तक आवरून ठेवायला घेतलं. प्रिंटरच्या धड्यातून झेरॉक्स पडली आणि तिच्या आत फॉर्मचा तो कच्चा कागद. पेन्सिलनं, कावेरीच्या अक्षरात, आधी लिहिलेलं: राजेश्वर महालिंग फुलारी. बरोबर. त्यावर पट्टी लावून आडवी रेघ. खाली दुसरं नाव.

म्हणजे तिला ठाऊक होतं.

कागद घेऊन उठलो. ओरडणारच होतो. मग झेरॉक्सकडे लक्ष गेलं. 'सिंगल' या शब्दाभोवती पेन्सिलनं गोल केलेला होता. चुकलेल्या उत्तराभोवती करते तसा.

कावेरी माडीवर आली तेव्हा दोन्ही कागद टेबलावर होते. तिनं पाहिले. पळाली नाही, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तोंडात शब्द आला होता: तू काय केलंस? तीन महिने गिरवलेलं कुठं तरी मुरलं असावं. मी विचारलं, "काय झालं?"

ती टेबलाशी आली, 'सिंगल'वर बोट ठेवलं. मग म्हणाली, "चार वर्सं झाली आपल्या लग्नाला. म्या तुमाला कदी म्हनलं नस्तं जाऊ नका म्हनून. एक डाव मला इचारलं आस्तं, येतीस का, तर म्या दशम्या बांदून तयार हुते. मोकळ्या खोलीत ऱ्हायले आस्ते. पर तुमी मला इचारलं न्हाई. तुमी मला लिवलंच न्हाई. म्या दोन दिस जेवले न्हाई, तुमाला कळलं बी न्हाई."

"म्हणून माझ्या बापाचं नाव पुसलंस?"

"हां. पुसलं. वाईट केलं." तिचा आवाज फाटला. "पुसल्यावर कसं लागतं ते कळलं का न्हाई तुमाला?"

मी म्हणणार होतो, मी काहीच केलं नाही. शब्द जिभेवर आले. ते नेमके कुणाचे शब्द आहेत हे आठवलं आणि गप्प बसलो. ती रडली, मीही रडलो, वेगवेगळ्या खुर्च्यांवर. मग खालून एक ठोका वाजला. चहा.

१४ डिसेंबर, मंगळवार

सर्टिफिकेट आलं. तांब्याच्या चौकटीत अगदी नेमकं बसलं. मामांनी माप कुठून काढलं कोण जाणे.

दुपारी कावेरीनं एक पाकीट माझ्यापुढं ठेवलं. नाव दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्राचा मसुदा, सगळं भरलेलं, तिच्या अक्षरात. राजेश्वर महालिंग फुलारी. या वेळी मी प्रत्येक रकाना वाचला. खाली शेवटी, जिथं काहीच मागितलं नव्हतं तिथं, तिनं 'विवाहित' लिहून ठेवलं होतं.

"टाकायचं का न्हाई ते तुमी ठरवा," म्हणाली. "आन् कुटं जायचं आसंल तर मला सांगून ठरवा."

३० डिसेंबर, गुरुवार

पाकीट अजून याच डायरीत आहे. दोनदा पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा मामांचा तो काळानिळा अंगठा आठवला आणि परत आलो. कावेरीनं एकदाही विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघं पुण्याच्या भाड्यांविषयी बोलतो, घर घ्यायला निघाल्यासारखं, मग ती खाली स्वयंपाकाला जाते आणि मी मशीनवर कापड टाकतो. डायरीत आता एकच पान उरलंय.

आज दोन ठोके वाजले. मी जिना उतरायच्या आत एका सोसायटीचे सचिव कॉम्प्युटर पोत्यात बांधून वर घेऊन आले. चौकटीतला कागद त्यांनी मान वर करून वाचला.

"शेटे सर?"

"हां," मी म्हणालो. म्हणून झाल्यावर लक्षात आलं. दारात कावेरी उभी होती, तिनं ऐकलं. तिनं मान खाली घातली.

मी पोत्याची गाठ सोडली आणि विचारलं, "काय झालं?"

"काय की सर," ते म्हणाले, "आमी तर कायबी केलं न्हाई."